पोळ्याच्या आठवड्याचा हिरवा नकाशा

“सर, फुलसावंगी समुद्रात आहे.”

प्रज्ञानं हे इतक्या शांतपणे सांगितलं, की मला आधी वाटलं तिच्या गावच्या नाल्याला पूर आला असावा. मी तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो. स्क्रीनवर नुसता निळा रंग होता. तिनं माउस फिरवून नकाशा लहान लहान करत नेला, तेव्हा कडेला पांढरी बेटं दिसली. उत्तर ध्रुव तिथून फार लांब नव्हता.

“मुकुटबन पण इथंच हाय,” बाजूच्या कॉम्प्युटरवरून अनिल टेकाम म्हणाला. त्याचं गाव मुकुटबनच्या पलीकडे, झरी जामणीच्या जंगलाला लागून. “बर्फाच्या काठाले. सर, आता बोंडअळी थंडीनंच मरते पाहा.”

अख्खी लॅब हसली. मीही हसलो. भूगोलाच्या प्राध्यापकाचा सगळा जिल्हाच हरवल्यावर त्याला दुसरं करण्यासारखं काही नसतं.

कारण साधं होतं. अक्षांश आधी, रेखांश नंतर, हे मी बावीस वर्षं मुलांकडून घोकून घेतलं होतं. पण गावांचे बिंदू आम्ही ज्या प्रकारच्या फाइलमध्ये ठेवत होतो, तिला आधी रेखांश लागतो आणि मग अक्षांश. हे कोणी ठरवलं ठाऊक नाही, पण तो भूगोलाचा माणूस नसावा. आकड्यांची अदलाबदल झाली की यवतमाळ जिल्हा थेट आर्क्टिकमध्ये जाऊन पडतो. आम्ही दोन आकडे इकडचे तिकडे केले आणि गावं परत आली. ही चूक पाच मिनिटांत सुधारली. दुसरी चूक मी केली ती इतकी सभ्य होती, की तीन आठवडे कोणाच्या लक्षातही आली नाही.

मी यवतमाळच्या एका कॉलेजात भूगोल शिकवतो. प्रोग्रामिंग मला येत नव्हतं. आजही ‘येतं’ म्हणायला जीभ अडखळते. पण आमच्या प्राचार्या मॅडम एका चर्चासत्राला जाऊन आल्या आणि त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“सर, आता नकाशे रंगीत पेन्सिलीनं काढायचे दिवस गेले. मुलांना वेब मॅपिंग शिकवा.”

“मॅडम, ते मलाच येत नाही.”

“मग तर बरंच झालं. मुलांच्या अडचणी तुम्हाला कळतील.”

पुण्याला शिकणाऱ्या माझ्या मुलीनं उन्हाळ्याच्या सुटीत मला पंधरा दिवस शिकवलं. त्या काळात आमच्या घरी मी विद्यार्थी होतो आणि मार खाण्याइतका मठ्ठ होतो, असं सौभाग्यवतींचं मत आहे. ही सगळी गोष्ट मी घरी इतक्यांदा सांगितली आहे, की मधले आकडे आता त्याच दुरुस्त करतात.

वेब मॅप म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारा नकाशा. तो सरकवता येतो, लहानमोठा करता येतो, आणि त्याच्यामागचा आकडा बदलला की रंग आपोआप बदलतो. तो आपोआप बदलावा म्हणून कॉम्प्युटरला एकेक ओळीत सूचना लिहून द्याव्या लागतात. त्या सूचना म्हणजे कोड. कॉम्प्युटर त्या अक्षरशः पाळतो. नवीन सुनेसारखा पाळतो असं मी वर्गात एकदा म्हणालो आणि मुलींनी माझ्याकडे असं पाहिलं, की तो दाखला मी पुन्हा दिला नाही.

विषय कोणता घ्यायचा हा प्रश्नच नव्हता. आदल्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं जिल्ह्यातल्या कपाशीचं वाटोळं केलं होतं. बोंड बाहेरून हिरवं टणक दिसायचं आणि फोडलं की आत अळी. माझ्या वर्गातल्या जवळपास प्रत्येकाच्या घरी ते घडलं होतं. त्यामुळे त्या वर्षी बऱ्याच वावरांत कामगंध सापळे लागले होते. हा सापळा म्हणजे काठीला टांगलेली प्लॅस्टिकची लांब पिशवी. तिच्या तोंडाशी मादीच्या वासाची गोळी असते. नर पतंग रात्री त्या वासानं येतो आणि पिशवीत अडकतो. सकाळी पतंग मोजायचे. सलग तीन दिवस आठाच्या वर निघाले, की त्या वावरात काहीतरी करायची वेळ झाली समजायचं.

आमची योजना अशी होती. घरच्यांनी रोज सकाळी सापळा मोजून मुलाला फोन करायचा. मुलानं आकडा आमच्या तक्त्यात भरायचा. कोड गावागावातल्या सापळ्यांची सरासरी काढणार आणि ती आठाच्या वर असेल तर गाव लाल, नाहीतर हिरवं करणार.

कृषी खात्यातल्या गावंडे साहेबांना मी हे सांगायला गेलो, तेव्हा ते खुर्चीतून पुढे सरकले.

“सर, मले हेच पाहिजे. माझ्याकडे ट्रायकोकार्डाची पेटी येणार आहे पोळा झाल्यावर. पेटी एकच. कोणत्या गावाले द्यावं, याच्यावर साऱ्यांचे फोन येऊन राह्यले. तुमचा नकाशा दाखवून मोकळा होतो मी.”

ट्रायकोकार्ड म्हणजे पोस्टकार्डासारखा तुकडा. त्यावर एका बारीक मित्रकिडीची पिल्लं जन्माला यायच्या बेतात असतात. कार्डाच्या पट्ट्या कपाशीच्या पानाखाली टाचायच्या. किडी बाहेर पडतात आणि बोंडअळीची अंडी संपवतात. पण कार्ड जिवंत असतं. ते कपाटात ठेवता येत नाही. आलं की दोन दिवसांत वावरात गेलं पाहिजे. म्हणजे पेटी ज्या दिवशी येईल, त्या दिवशी कुठे न्यायची हे ठरलेलं हवं.

आता माझ्या चुकीकडे येतो.

पहिल्याच आठवड्यात आमचा कोड बंद पडायला लागला. एखाद्या घरचा फोन लागायचा नाही, चौकट रिकामी राहायची, आणि रिकाम्या चौकटीची बेरीज करताना कॉम्प्युटर अडायचा. लाल अक्षरांत काहीतरी बडबडायचा आणि नकाशा गायब. मुलं वैतागली. मी मुलीला फोन न करता, स्वतःच्या बळावर, इंटरनेटवर शोधून एक ओळ कोडमध्ये घातली. चौकट रिकामी दिसली तर शून्य धर, एवढाच तिचा अर्थ. कोड धडाधड चालायला लागला. मी त्या दिवशी घरी जाताना जिलबी घेऊन गेलो.

मग पोळा आला.

आमच्याकडे पोळा एक दिवसाचा नसतो. आदल्या दिवशी खांदशेकणी. बैलांचे खांदे हळद आणि लोणी लावून शेकायचे. दुसऱ्या दिवशी पोळा. तिसऱ्या दिवशी पोरांचा, लाकडी बैलांचा तान्हा पोळा. बैलाच्या मानेवर जू नाही आणि माणूसही वावराकडे फिरकत नाही. कॉलेज बंद. मुलं गावी. मीही दारव्ह्याजवळ भावाकडे गेलो होतो. बैलांच्या शिंगांना बेगड लावली, पुरणपोळ्या खाल्ल्या, आणि दुपारी असा झोपलो की भावजयीला दोनदा येऊन श्वास चालू आहे का पाहावं लागलं.

तीन दिवसांनी, बुधवारी, लॅब उघडली. नकाशा ताजा केला. सगळा जिल्हा हिरवागार.

गावंडे साहेब दुपारी आले आणि स्क्रीनसमोर हात जोडून उभे राहिले.

“बाप्पा! सर, असं हिरवं मी दोन वर्षांत नाही पाह्यलं.”

“पावसाची उघडीप होती साहेब. पतंग कमी झाले असतील.” हे वाक्य मी कुठून आणलं, मला माहीत नाही. भूगोलाच्या माणसाला कुठल्याही गोष्टीचं कारण हवामानात सापडतं.

“मग असं करतो. शुक्रवारी पेटी येते, ते शेजारच्या जिल्ह्यात देतो. तिकडून मागणी आहेच.”

“सर,” मागून आवाज आला. प्रज्ञा उभी होती. “आमचं फुलसावंगी हिरवं नाही पाहिजे. आमच्या सापळ्यात तेरा, चौदा अन् सोळा आहेत. तीन दिवसांचे. मी आल्याबरोबर भरले.”

मी कोडनं मांडलेला हिशेब उघडला. फुलसावंगीत तीन सापळे होते. एक प्रज्ञाच्या घरचा, दोन वर्गातल्याच दुसऱ्या मुलांच्या घरचे. तिचे आकडे खरंच होते. बाकी दोघांच्या चौकटी कोडच्या हिशेबानं शून्य. सरासरी पाचाच्या आत. म्हणून गाव हिरवं.

“एकाच गावात एका वावरात सोळा आणि बाकी दोन वावरांत काहीच नाही?” मी म्हणालो.

“मले काय माहीत सर. आमचे तर आहेत.”

आणि मग मी ते वाक्य बोललो. घरी गोष्ट सांगताना मी इथे खोकतो आणि पुढे सरकतो, पण लिहिताना खोकता येत नाही.

“प्रज्ञा, कार्डं आपल्या गावात यावीत असं सगळ्यांनाच वाटतं. पण आकडा खराच भरायचा असतो.”

ती खाली बसली. गावंडे साहेबांनी घड्याळ पाहिलं, चहा घेतला आणि गेले.

गुरुवारी सकाळी आठला प्रॅक्टिकल. मी लॅबचं दार उघडतो तोच प्रज्ञा समोर. हातात फोन.

“सर, माझी आई बोलते म्हणते तुमच्याशी.”

तिची आई फुलसावंगीला शिवणकाम करते आणि तीन एकर कपाशी पाहते. वडील बाहेरगावी गाडी चालवतात. सापळा ती स्वतः मोजायची, हे मला माहीत होतं. फोन हातात घेताना मला उगाच दहावीत असल्यासारखं वाटलं.

“जय भीम सर.”

“जय भीम ताई.”

“सर, पोरगी काल फोनवर धड बोलली नाही माझ्याशी. मी खोटं सांगतलं म्हणता काय तुमी?”

“नाही ताई, तसं नाही. म्हटलं, बाकीच्यांकडे एकही पतंग नाही, आणि तुमच्याकडेच...”

“बाकीच्यायनं मोजलं कधी? पोळा होता ना जी. सारं गाव तोरणाखाली. आमच्या घरी बैल नाही अन् आमी पोळाही करत नाही. मी रोजच्यासारखी सकाळी वावरात गेली. मोजले. अन् सांगू काय, फूल उमलून नाही राह्यलं सर. गुलाबाच्या कळीवानी मिटून बसते. आत पाह्यलं तं अळी. मागच्या साली असंच झालतं.”

मिटलेल्या फुलाला आमच्याकडे डोमकळी म्हणतात. पुस्तकात ते बोंडअळीचं पहिलं लक्षण म्हणून दिलेलं असतं. ते मी वर्गात शिकवलंही होतं, फळ्यावर चित्र काढून.

फोन ठेवला. प्रज्ञा तोवर कॉम्प्युटरसमोर बसली होती.

“सर, एक विचारू? राग नका मानू.”

“विचार.”

“तक्त्यात त्यांच्या चौकटी रिकाम्या आहेत. शून्य कोणी लिहिलंच नाही. मग हिशेबात शून्य आलं कुठून?” ती कोड वरून खाली वाचत गेली आणि एका ओळीवर बोट ठेवून थांबली. “ही ओळ कोणाची आहे?”

ओळ माझी होती. जिलबीवाली.

लॅबमध्ये एव्हाना वीसेक मुलं जमली होती. अनिल मागून वाकून पाहत होता. “म्हणजे सर, ज्यायनं मोजलं नाही, त्यायच्या वावरात पतंग नाही, असं होय?”

“असंच झालं.”

“मग त माह्या घरी कोणी वावरात गेलंच नाही तीन दिवस. तरी आमचं गाव हिरवं!”

“माझ्या भावाचंही,” मी म्हणालो. “त्याचा सापळा मोजायचं मीच कबूल केलं होतं. मी झोपलो होतो.”

ह्यावर मुलं हसली नाहीत. त्यांनी हसायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं.

आता गंमत बघा. पोळा अमावस्येला असतो. अंधाऱ्या रात्री पतंग जास्त अंडी घालतात, म्हणून अमावस्येच्या आसपास वावरावर नजर ठेवा, असं आमच्याकडचे जुने शेतकरीही सांगतात आणि कृषी खातंही. म्हणजे वर्षातले जे दिवस मोजायला सर्वांत महत्त्वाचे, नेमके त्या दिवशी सगळा जिल्हा बैल सजवण्यात असतो. आणि धोक्याची खूण ओळखायला सलग तीन दिवसांचा आकडा लागतो, आमचा सणही बरोबर तीन दिवसांचा. हे मला पन्नास वर्षं इथे राहून कधी सुचलं नव्हतं. पोळा न करणाऱ्या एका घरानं ते आकड्यात दाखवलं.

मी गावंडे साहेबांना फोन लावला.

“साहेब, कालचा नकाशा चुकीचा आहे.”

“काय बोलून राह्यले सर! मी तो वर पाठवला. गाडी सांगितली शेजारच्या जिल्ह्याची.”

“जिथे मोजलंच नाही, तिथे माझ्या कोडनं शून्य धरलं.”

“सर, तुमाले शाळेत रिकामी जागा भरा असा प्रश्न लई आवडत होता काय?”

“मला फक्त उद्या दुपारपर्यंत वेळ द्या.”

“तीन दिवसांचे आकडे लागते. उद्यापर्यंत तीन दिवस कसे आणता?”

“दोन आणतो. आजचा आणि उद्याचा. पण फुलसावंगीच्या एका वावराचे आजवरचे पाच आहेत.”

“उद्या बारा वाजेपर्यंत. मग पेटी माझ्या हातात राहत नाही.”

प्रॅक्टिकल रद्द केलं असं म्हणता येणार नाही, कारण इतकं खरं प्रॅक्टिकल मी आयुष्यात घेतलं नव्हतं. सगळ्यांनी घरी फोन लावले. लॅबमध्ये एकाच वेळी वऱ्हाडी, बंजाऱ्यांची गोरबोली आणि कोलामी चालू होती. “माय, वावरात जा ना वं! आताच्या आता!” “काहून म्हणजे? सर म्हणून राह्यले!” एका मुलीची आजी म्हणाली, पतंग मोजायले सरच काहून येत नाही. मी भावाला फोन केला. तो म्हणाला, “तू झोपलता ना बे, मग मी काहून उठू?” पण गेला.

त्या दिवशी मी दोन कामं केली. पहिलं, ती ओळ काढून टाकली. कोड पुन्हा अडायला लागला, तेव्हा प्रज्ञानं तिच्याजागी दुसरी लिहिली. चौकट रिकामी असेल तर सरासरीत धरू नको, आणि गावात एकही आकडा नसेल तर गाव राखाडी कर. मला ती दोनदा समजावून घ्यावी लागली. दुसरं काम अवघड होतं. मी सगळ्या वर्गासमोर प्रज्ञाला म्हणालो, “काल मी तुझ्या आकड्यावर संशय घेतला. आकडा बरोबर होता, मी चुकीचा होतो.”

“आईले सांगा सर,” ती म्हणाली. “मले ठीक आहे.”

मी तिच्या आईलाही सांगितलं. त्या म्हणाल्या, “बरं झालं. आता कार्डाचं पाहा.”

शुक्रवारी साडेअकराला नकाशा ताजा झाला. फुलसावंगीतले बाकीचे दोन सापळे, एकात अकरा, एकात नऊ. आसपासची आणखी चार गावं लाल. माझ्या भावाचं गाव हिरवंच, आणि या वेळी ते खरं हिरवं होतं. झरी जामणीकडचा मोठा पट्टा राखाडी. तिकडे रेंज टेकडीवर चढल्याशिवाय येत नाही. अनिलच्या घरून फोनच आला नव्हता.

गावंडे साहेबांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग प्रज्ञाकडे. “पोरी, हे खरं आहे?”

“जिथे लाल आहे तिथे खरं आहे साहेब. राखाडी मले माहीत नाही.”

पेटी संध्याकाळच्या आत फुलसावंगीकडे गेली. प्रज्ञाच्या आईनं पट्ट्या टाचतानाचा फोटो पाठवला. फोटोत पानं होती आणि तिचा अंगठा. त्या वावरात पुढे अळी दिसली, नाही असं नाही. पण कापसाच्या पहिल्या दोन वेचण्या स्वच्छ निघाल्या, आणि मागच्या साली त्याही निघाल्या नव्हत्या.

अनिलच्या घरचा आकडा रविवारी आला. त्याचा चुलता टेकडीवर जाऊन बोलला होता. बारा. तोवर पेटी संपली होती. गावंडे साहेबांनी तिकडे माणूस पाठवून निंबोळी अर्क फवारायला सांगितलं, तेवढंच जमलं. मी अनिलला काहीतरी बोलायला गेलो, तर तो म्हणाला, “सर, आमचं गाव हिरवं दाखवण्यापेक्षा राखाडी बरं होतं. माणूस तरी आला पाहायले.”

हे शहाणपण मी त्यानंतर दरवर्षी पहिल्याच तासाला शिकवतो. शून्य म्हणजे कोणीतरी जाऊन पाहिलं आणि काही सापडलं नाही. रिकामी चौकट म्हणजे कोणी गेलंच नाही. कॉम्प्युटरला हा फरक सांगितल्याशिवाय कळत नाही. प्राध्यापकालाही.

गेल्या महिन्यात कॉलेजला बाहेरची कमिटी यायची होती. प्राचार्या मॅडम लॅबमध्ये आल्या, नकाशा मोठ्या पडद्यावर लावून पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“सर, छानच झालंय. फक्त हा राखाडी रंग फार दिसतो. जरा बरं नाही वाटत. कमिटी येईपर्यंत तो काढता येईल का?”

“येईल ना मॅडम,” मी म्हणालो. “कोणालातरी तिकडच्या वावरात जाऊन मोजून यावं लागेल.”